धाडची उघड्या तोंडाची गोधडी

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन येते असं घरी सांगितलं, तेव्हा नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, "लोणारला?" नाही म्हटल्यावर दुसरा, "मग शेगावला?" तेही नाही म्हटल्यावर त्याच्याकडचे प्रश्न संपले. बाहेरचा माणूस या दोनच कारणांनी त्या जिल्ह्यात पाय ठेवतो असा एक समज आहे. आम्ही निघालो होतो धाडला, एका बाईने शिवलेली गोधडी बघायला. "गोधड्या आपल्या माळ्यावरच चार पडल्यात," असं तो म्हणाला. मी बॅग भरायला घेतली.

आम्ही म्हणजे मी आणि मीना. मीना आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहते. आमची मैत्री बोहारणीमुळे झाली. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण एकदा जिन्यात बसली होती. तिच्या गाठोड्यातून बाहेर लोंबणाऱ्या एका जुन्या छिटाच्या कापडाला आम्ही दोघींनी एकाच वेळी हात घातला. भांडं देऊन कापड घेणाऱ्या बायका तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्या. तेव्हापासून आमचं हे वेड जोडीने चालू आहे. फरक इतकाच, की मी कापड जमवते आणि मीना शिवते. मला मांजरपाट, हरक, इरकल नुसतं हातात धरून बसायलाही आवडतं. मीनाला त्याची गोधडी झाल्याशिवाय चैन पडत नाही.

मीनाचा स्वभाव इथेच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं. तिला सुटा धागा दिसला की तिचे हात थांबत नाहीत. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या बाहीचा लोंबता दोरा तिने, न विचारता, दाताने तोडला होता. बाई दचकली. मीना म्हणाली, "आता छान दिसतंय." तिचे टाके इतके बारीक असतात की पुष्कळजण ते मशीनचे समजतात, आणि तसं कुणी म्हणालं की तिला रागही येतो आणि बरंही वाटतं.

चंदा आम्हाला भेटली व्हॉट्सअॅपवर, गोधडीवाल्या बायकांच्या एका ग्रुपमध्ये. तीन वर्षांपूर्वी तिने कुंपणावर वाळत घातलेल्या गोधडीचा फोटो टाकला. सगळ्यांनी फुलं टाकली. मीनाने लिहिलं, "मागची बाजू दाखवा." शिवणाऱ्या बाईची परीक्षा उलट्या बाजूला होते, त्यामुळे हा प्रश्न अपमानही असू शकतो आणि मानही. चंदाने मागची बाजू दाखवली. तिथून दोघींचं जमलं. मीना नाशिकहून कापडाचे तुकडे कुरिअर करायची, चंदा त्यांची गोधडी करून फोटो पाठवायची. मग मीना लिहायची, "रंग सुरेख. डाव्या कडेचे टाके जरा मोठे झालेत." चंदा हात जोडलेलं चित्र पाठवायची. आम्हाला दोघींनाही तो नमस्कार वाटायचा.

जानेवारीच्या शेवटी तिचा फोन आला. "मीनाताई, माह्या पोरीचं, कोमलचं लगन जमलं. देऊळगाव राजाचं ठिकाण हाय. तिची गोधडी पुरी झाली, तुमचंच कापड हाय समदं. पाहाले या." मीनाने मला विचारलंच नाही, थेट तारीख सांगितली.

नाशिकरोडहून सकाळी निघालं की दुपारी मलकापूर येतं. आरक्षण आधी करा, या मार्गावर ऐनवेळी जागा मिळत नाही. मलकापूरला उतरायचं म्हणजे शेगाव पुढे राहतं आणि कचोरीही. स्टेशनबाहेर कचोरी मिळते, पण खाताना माणूस शेगावचीच आठवण काढत राहतो. तिथून मोताळ्यावरून बुलढाण्याला जाणाऱ्या एसट्या भरपूर आहेत. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे हा टप्पा अगदीच स्वस्तात होतो.

आमच्या मागच्या सीटवर एक जोडपं होतं. कंडक्टरने तिकिटं दिल्यावर त्यातला नवरा मोठ्याने म्हणाला, "आपल्याच जिल्ह्यात आमी पुरं तिकीट भरून राह्यलो अन् बाया अर्ध्यात फिरून राह्यल्या."

बायको म्हणाली, "मंग तुमी राहात जा ना घरी."

नवऱ्याने तिकीट खिशात घातलं.

मोताळा म्हणजे कापूस आणि सोयाबीन. सोयाबीन केव्हाच निघून गेलं होतं. कापसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्याला घासून चालले होते, आणि त्यांचा पसारा इतका की कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहिला होता. खिडकीतून हात बाहेर काढला तर हाताला येईल इतका जवळ. मीना म्हणाली, "झाडांना पिंजारी लागलाय." स्टॅंडवर एक बाई बाळाला गोधडीत गुंडाळून चढली आणि आमच्यासमोर बसली. मी मनात म्हटलं, आता ही थांबणार नाही. मीनाने गोधडीचं लोंबणारं टोक उचललं आणि उलटून पाहिलं.

"काय पाहून राह्यल्या बाई?" त्या बाईने विचारलं.

"टाके."

"मंग? पास का नापास?"

"छान आहेत," मीना म्हणाली. ती बाई उतरून गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "शेवटच्या ओळीत दोरा बदललाय." मी म्हटलं, बाळाला चालतंय ना, मग झालं.

राजूर घाट चढताना ऊन उतरलं होतं. बुलढाणा उंचावर आहे, त्यामुळे फेब्रुवारीतही संध्याकाळी शाल लागते. स्टॅंडजवळच्या लॉजमध्ये खोली हजाराच्या आत मिळाली. चादर स्वच्छ, गरम पाणी बादलीने, आणि प्रत्येकीला पांघरायला वाघाचं चित्र असलेलं जाडजूड ब्लॅंकेट. मीना प्रवासात स्वतःची गोधडी नेते, त्यामुळे दोन्ही वाघ माझ्या वाट्याला आले. जेवणात पातोडीची भाजी घ्या. रस्सा झणझणीत असतो, ताकाचा ग्लास आधीच मागवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाडची एसटी. ती चुकली तर काळीपिवळी जीप मिळते, पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली म्हणजे काय याची ड्रायव्हरची व्याख्या आपल्यापेक्षा वेगळी असते. रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना हरभरा, मधून मधून गहू, आणि तुरी सोंगून झालेली रिकामी रानं.

चंदा स्टॅंडवर उभी होती. फोटोत ती उंच वाटायची, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होती. तिने आधी मीनाचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोटं उलटसुलट करून पाहिली. "सुईच्या खुणा हायत," ती म्हणाली. "मले वाटलं, मोठ्या शहरातल्या बाया बोटाले टोपण घालत असतीन." मीना हसली. मीनाला इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आता वाटतं, ती सकाळ तिथेच थांबली असती तरी चाललं असतं.

चंदाच्या घराची पुढची खोली कापसाने भरलेली होती, अगदी पत्र्यापर्यंत. भाव पटला नाही म्हणून माल घरात ठेवलेला. "भाव येईन तवा इकू," तिचा नवरा म्हणाला आणि शेतात निघून गेला. आम्ही मधल्या खोलीत बसलो. चंदाची मुलगी कोमल बुलढाण्याला नर्सिंग शिकलेली, बोलायला चटपटीत. तिने चहा आणला आणि आईला म्हणाली, "दाखव ना आता, काऊन थांबली?"

चंदाने गोधडी आणून खाटेवर पसरली.

मी पुष्कळ गोधड्या पाहिल्या आहेत आणि सहसा भारावून जात नाही. ही पाहून मी खाटेजवळ जाऊन वाकले. मीनाने पाठवलेलं निळं छीट मधोमध, त्याच्याभोवती पांढऱ्या हरकाची चौकट, आणि चौकटीबाहेर बोटभर रुंदीचे शेकडो तुकडे. ते शेजारच्या शकीलाबींकडचे. शकीलाबी ब्लाउज शिवतात आणि कापताना उरणारं कतरण चंदासाठी वेगळं ठेवतात. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्या गोधडीत होते. टाके मीनाच्या मानाने मोठे, पण एका चालीचे.

फक्त एका कोपऱ्याजवळ, कडेला वीतभर जागा उघडी होती. आतले थर दिसत होते आणि त्या जागी दोऱ्यासकट सुई टोचून ठेवलेली होती.

मीनाची नजर तिथे गेली हे मला दिसलं. "पुरी झाली म्हणालीस ना?" तिने विचारलं.

"हाव, झाली ना," चंदा म्हणाली आणि भाकऱ्या टाकायला उठली.

मीना माझ्या कानाशी आली. "बिचारीला वेळ मिळाला नाही गं. लग्नात रुखवतात सगळ्यांसमोर मांडतील, आणि कड अशी उघडी."

"मग विचार तिला."

"विचारलं तर तिला ओशाळं होईल."

जेवणात कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा होता. ज्वारीत उडीद घालून दळलेली ही भाकरी कुठे मिळाली तर सोडू नका. जेवण झाल्यावर चंदा म्हणाली, आज धाडचा बाजार आहे, चला. मीनाचं डोकं दुखत होतं, ती मागे राहिली. खरंच दुखत होतं, मला माहीत आहे, कारण गोळी मीच दिली.

बाजारात कापडाचे ढीग एका बाजूला असतात, कटपीस आणि ठाणांच्या शेवटाचे तुकडे. दुकानदार मीटरपट्टी वापरतात, पण ओळखीच्या बाईला हाताने मोजून देतात आणि हात थोडा लांब धरतात. मी अडीच मीटर तांबडं छीट घेतलं. काय करणार त्याचं, असं चंदाने विचारलं. मी म्हटलं, ठेवणार. तिला ते कळलं नाही आणि मलाही नीट समजावता आलं नाही.

कोमल बांगड्यांच्या दुकानाशी थांबली तेव्हा चंदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक इचारू? मीनाताईले माह्यं काम आवडते का?"

"खूप. तुमच्या गोधड्यांचे फोटो ती सगळ्या सोसायटीला दाखवते."

"मले तं नुसत्या चुकाच सांगते."

"सगळ्यांना सांगते ती."

"समद्यायले सांगत असीन," चंदा म्हणाली. "पण मले वाटते, एकदा तरी म्हणावं, चंदा, चांगलं झालं. पुढं काईच नाही. बस तेवढंच." मग तिने मेथीची जुडी निवडली आणि विषय तिथेच ठेवला. आज मीनाला हे सांगायचं, असं मी ठरवलं.

तशी वेळ आली नाही. आम्ही परतलो तेव्हा मीना दारात उभी होती, डोकेदुखीचं नाव नाही, चेहरा फुललेला. "आत या, गंमत दाखवते," ती म्हणाली. त्याच वेळी शकीलाबी कोमलचे तयार ब्लाउज घेऊन आल्या आणि आमच्या मागोमाग आत शिरल्या.

गोधडी खाटेवर पसरलेली होती. चारही कडा बंद. वीतभर जागेत मीनाचे टाके, कांदेपोह्यातल्या मोहरीएवढे, सरळ रेषेत.

शकीलाबींचा हात तोंडावर गेला. "या अल्ला. चंदा, ये मुं किसने सी दिया?"

चंदाने गोधडीकडे पाहिलं, मीनाकडे पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि सरळ मागच्या चुलीकडे निघून गेली.

मीना माझ्याकडे बघत होती. मला काही ठाऊक नव्हतं. शेवटी शकीलाबींनीच सांगितलं. चंदाच्या माहेरी, मोताळ्याकडे, लेकीच्या गोधडीचं तोंड शिवत नाहीत. वीतभर उघडं ठेवून गोधडी सासरी जाते. पोरगी पहिल्यांदा माहेरी येते तेव्हा ती गोधडी बरोबर आणते आणि सासरच्या कुणाचं तरी जुनं वापरलेलं फडकं, म्हणजे धडुतं, आणते. आईचं एक धडुतं आणि सासरचं एक, दोन्ही त्या तोंडातून आत घालायची आणि मग माय-लेकींनी मिळून शिवायचं. "तोवर मुं खुला रहता," शकीलाबी म्हणाल्या. "पोरीले परत यायचं काम राहते. बंद करून धाडली म्हंजे काय? जा, आता तुझं इथं काय राह्यलं नाही, असं झालं ना, बाई."

मीना खाटेच्या कडेवर बसली. "मला वाटलं, राहून गेलंय," ती एवढंच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

मला तिची कीव आली आणि रागही आला. विचार असं मी सांगितलं होतं, पण आता ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता.

कोमल आत जाऊन आईला घेऊन आली. चंदाचे डोळे कोरडे होते. तिने गोधडी ओढून मांडीवर घेतली आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"मी उसवते," मीना म्हणाली आणि पर्समधली छोटी कात्री काढली.

"कातर नाही चालत," चंदा म्हणाली. "नवरीच्या वस्तूले कातर नाही लावत आमी. जसा गेला तसाच दोरा माघारी काढा लागते. सुईनं. न तोडता."

ज्यांनी कधी टाके उसवले आहेत त्यांना सांगायला नको. मोठा टाका सुईच्या टोकाने पटकन उचलता येतो. मीनाचा टाका कापडात असा रुतलेला असतो की तो आधी शोधावा लागतो. दोरा न तोडता काढायचा म्हणजे प्रत्येक टाक्यातून सगळा दोरा माघारी ओढायचा. मीना एका बाजूला बसली, चंदा दुसऱ्या बाजूला. कोमल गोधडी ताणून धरत होती. मी खिडकी सोडून बाजूला बसले, कारण उजेड कमी पडत होता. शकीलाबी जायला उठल्या आणि पुन्हा बसल्या.

पहिले चार टाके निघाले. मग चंदा मान वर न करता म्हणाली, "मले राग आला, मीनाताई. लय राग आला."

"हो," मीना म्हणाली.

"रीतीचं जाऊ द्या. तुमाले रीत कशी मालूम असीन? पण तुमी इचारलं काऊन नाही? तीन वर्सं झाली, तुमाले माह्या कामात कायतरी राह्यलेलंच दिसते. हे उघडं दिसलं, तं तुमाले वाटलं, चंदाचं राह्यलं. चंदानं ठेवलं असीन, असं नाही वाटलं तुमाले."

मीनाची सुई थांबली. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, मी गेली वीस वर्षं ऐकते आहे. त्या दिवशी ती म्हणाली, "नाही वाटलं. खरं आहे."

"मी फोटो टाकाच्या आंधी दोनदा पाहात जाते, मीनाताई काय म्हणतीन म्हून. कधी कधी टाकतच नाही."

"चंदा, तुझं काम..." मीनाने सुरुवात केली.

"आता नका सांगू," चंदा म्हणाली. "आता सांगसान तं मले ते समजूत घातल्यावानी वाटीन."

पुन्हा दोघी टाके काढू लागल्या. दिवेलागणीच्या सुमारास दोरा संपूर्ण बाहेर आला, एकसंध, नागमोडी झालेला. चंदाने तो बोटाला गुंडाळून त्याच जागी पुन्हा सुईत ओवून टोचून ठेवला. कापडावर बारीक भोकांची रांग राहिली. "पाणी लागलं की बुजतीन," शकीलाबी म्हणाल्या. कोमलने गोधडीची घडी घातली.

रात्रीचं जेवण नीट झालं. चंदाने मीनाला आग्रहाने वाढलं, आम्हाला झोपायला तिच्या सगळ्यात मऊ गोधड्या दिल्या, सकाळी प्रवासासाठी भाकरी आणि कोरडा झुणका बांधून दिला. पाहुणचारात तसूभर कमी केलं नाही. स्टॅंडवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "पोचल्यावर फोन करजा." पुन्हा या, असं मात्र म्हणाली नाही. मी वाट पाहिली, मीनानेही पाहिली.

परतीला आम्ही वेगळा रस्ता धरला होता. धाडहून चिखलीमार्गे देऊळगाव राजा आणि तिथून जालन्याला जाऊन नाशिकची गाडी. हा मार्ग लांबचा आहे, पण देऊळगाव राजाचं बालाजी मंदिर पाहून होतं आणि तिथून जालन्याच्या बस सतत असतात. मंदिर सकाळच्या वेळी शांत होतं. मीना ओट्यावर बसून राहिली. पुढे बाजारपेठेत एक जुनं कापडाचं दुकान दिसलं, लाकडी फळ्यांवर ठाणं रचलेली, अगदी आमच्यासारख्यांसाठीच उघडल्यासारखं. मी आत गेले. मीना दाराशी उभी राहिली. दुकानदाराने चार ठाणं उलगडली, खडी छापाचं एक कापड तर तिच्यासमोर हवेत फडकवलं. "ताई, हात तं लावून पाहा."

"नको," मीना म्हणाली. मीनाने कापडाला हात लावायला नकार दिला, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मीही काही न घेता बाहेर आले. दुकानदाराला आपलं काय चुकलं ते समजलं नसणार.

जालन्याहून गाडीत बसल्यावर तिने मला विचारलं, "मी अशीच वागते का गं? तुझ्याशीही?"

मी म्हटलं, "माझं तू काही शिवलेलं बघत नाहीस. मी शिवतच नाही."

"म्हणून टिकलं असेल आपलं," ती म्हणाली. हे ती चेष्टेने म्हणाली की कसं ते कळलं नाही. मला ते लागलं. मी डबा उघडला आणि आम्ही चंदाची भाकरी खाल्ली.

घरी आल्यावर पुढचे दोन महिने मीनाने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. कुणी गोधडीचा फोटो टाकला की ती पाहायची आणि फोन ठेवून द्यायची. चंदाला कुरिअर केलं नाही. तीनदा पाकीट भरलं, तीनदा रिकामं केलं. कोमलच्या लग्नाची पत्रिका आम्हा दोघींना आली, फोनवर. मीना म्हणाली, "मी गेले तर त्या दिवशी तिला माझे टाकेच आठवतील." ती गेली नाही, म्हणून मीही गेले नाही. लग्नानंतर ग्रुपवर रुखवताचे फोटो आले. गोधडी सगळ्यांत पुढे मांडली होती, उघडी कड पाहणाऱ्यांकडे करून. मीनाने तो फोटो मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला आणि खाली लिहिलं, "चंदा, चांगलं झालं." पुढे काहीच नाही. बाजारातलं बोलणं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. चंदाने तो संदेश वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही.

परवा आखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी यायची अक्षय्य तृतीया, झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीनाकडे चहाला बसले होते. ती ओट्याशी उभी होती, फोन वाजला तो तिने पिठाच्या हाताने स्पीकरवर टाकला.

"मीनाताई, कोमल आली," चंदाचा आवाज आला. "आखाजीले आली."

"बरं झालं गं," मीना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"गोधडी आणली. तिच्या सासूचं धडुतं टाकलं आतमंदी. माह्यंही टाकलं. तोंड शिवलं नाही अजून."

"का?"

"वरून तुमचं कापड लय हाय. आतून तुमचं काईच नाही. एक धडुतं पायजे."

मीनाने हात पुसले. "पाठवते ना. माझ्याकडे एक जुनी महेश्वरी आहे, इतकी तलम आहे चंदा, किंवा मागे इंदूरहून..."

"इकत आणून ठेवलेलं नको, ताई. रोज अंगावर घालता ते द्या. अन् पोस्टानं नका धाडू. घेऊन या."

मीना फोनजवळ सरकली. मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमीही दोन टाके घालजा," चंदा पुढे म्हणाली. "पण मोठे घाला जरा. उसवा लागले, तं जीव जाते."

मग ती हसली आणि मीना तिथे ओट्याशी उभ्या उभ्या रडली. मीही रडले, नाही म्हणत नाही.

कोमल आठवडाभर राहणार आहे, त्यामुळे सोमवारची मलकापूरची दोन तिकिटं मी लगेच काढली. मागे वळून बघते तोवर मीनाने ड्रॉवरमधली कात्री काढली होती. तिने रोजचा तो गाऊन घातला होता, पिवळा, हळदीचे डाग पडलेला, धुऊन धुऊन विरलेला. घरी येणाऱ्या कुणालाही तो दिसू नये म्हणून ती एरवी वरून ओढणी घेते. तिने खालचा घेर हातात धरला आणि वीतभर पट्टी गोल कापून काढली, अंगावरचा गाऊन अंगावर असतानाच.

ती पट्टी आता तिच्या बॅगेत आहे. गाऊन ती अजून घालते. दोरे सुटलेत, घोट्यांशी लोंबतात, आणि तिने कड दुमडलेली नाही.